जखम भरते, प्रश्न उरतो

जखम भरली म्हणजे दुखणें संपलें, असें समजण्याची आपल्या घरांतून पूर्वापार चाल आहे. शरीराच्या जखमेपुरतें तें बहुधा खरेंहि ठरतें. परंतु ज्याच्यावर दुसऱ्या माणसानें हत्यार उगारलें, ज्याच्या डोळ्यांदेखत घरचें माणूस मारलें गेलें, किंवा जिच्या देहावर बळजबरी झाली, त्याची वा तिची गोष्ट निराळी असते. टांके निघतात, कोर्टाच्या तारखा संपतात, गांवांतील कुजबूज थांबते. पुढें दहा-पंधरा वर्षें लोटतात, संसार स्थिरस्थावर होतो, आणि एके दिवशीं तें माणूस विचारतें, “त्या दिवशीं नेमकें काय झालें होतें? तें कोणीं केलें? आणि माझ्याच वांट्यास कां आलें?” घरांतील वडीलधारी मंडळी दचकतात. “आतां तें उकरून काय मिळणार? देवानें वांचविलें, पुष्कळ झालें,” हें त्यांचें उत्तर ठरलेलें असतें. हें उत्तर प्रेमापोटीं दिलेलें असतें यांत शंका नाहीं. तें बरोबर आहे कीं नाहीं, याचा विचार या महिन्यांत करावयाचा आहे.

विषय कोठला तरी दूरचा नाहीं. मुळा नदीच्या कांठचें राहुरी हें तालुक्याचें गांव. ऊंस, साखर कारखाना व कृषि विद्यापीठ यांसाठीं त्याचें नांव घेतलें जातें. तेथील न्यायालयांत वकिली करणाऱ्या एका दांपत्याचें २५ जानेवारी २०२४ रोजीं अपहरण होऊन दोघांचाहि खून झाला. राज्यांत ठिकठिकाणीं वकिलांनीं काम बंद ठेवून निषेध केला व वकिलांच्या संरक्षणाचा कायदा व्हावा अशी मागणी केली. तो संताप योग्यच होता. परंतु अशा प्रसंगीं गुन्हेगार, पोलीस व कायदा यांविषयीं आपण जेवढें बोलतों, त्याच्या शतांशानेंहि मागें उरलेल्यांविषयीं बोलत नाहीं. त्या दुःखी घरांत डोकावण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. म्हणून पुढें जीं उदाहरणें घेतलीं आहेत तीं राहुरीबाहेरचीं आहेत. त्यांतील एकीनें आपली कहाणी स्वतः होऊन लोकांपुढें मांडली आहे, आणि बाकीचीं न्यायालयाच्या निकालपत्रांतून सर्वांस ठाऊक झालेलीं आहेत.

अशा माणसाच्या प्रश्नांची फोड केली तर ते तीन दिसतात. पहिला, हें कोणीं केलें व कसें घडलें? दुसरा, यांत माझा कांहीं दोष होता कां? आणि तिसरा, आतां माझ्या पाठीशीं कोण आहे? पहिल्याचें उत्तर पोलिसांनीं शोधावें व न्यायालयानें सांगावें अशी व्यवस्था आहे. दुसऱ्याचें व तिसऱ्याचें उत्तर मुख्यतः घरानें आणि समाजानें द्यावयाचें असतें. आपण मात्र गुन्हेगारास शिक्षा झाली कीं तिन्ही प्रश्न सुटले असें धरून चालतों. हा समज कोठें चुकतो तें पाहूं.

मुंबईच्या ज्या स्थानकास आतां छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस म्हणतात, तेथें २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं देविका रोटावन ही नऊ वर्षांची मुलगी वडील व भाऊ यांच्यासह पुण्याच्या गाडीची वाट पाहत होती. तिची आई पूर्वींच निवर्तली होती. दोघां दहशतवाद्यांनीं त्या गर्दीवर गोळीबार केला. एकट्या त्या स्थानकांत ५८ माणसें मरण पावलीं व शंभराहून अधिक जखमी झालीं. देविकेच्या उजव्या पायांत गोळी शिरली. पुढें तिच्या पायावर एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या. १० जून २००९ रोजीं ती कुबड्यांच्या आधारानें विशेष न्यायालयांत गेली आणि समोर बसलेल्या आरोपी अजमल कसाब यास तिनें ओळखलें. त्या खटल्यांतील ती सर्वांत लहान साक्षीदार होती. मे २०१० मध्यें त्यास फांशीची शिक्षा ठोठावण्यांत आली, ऑगस्ट २०१२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ती कायम केली, आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजीं येरवड्याच्या तुरुंगांत ती अमलांत आली.

पहिल्या प्रश्नाचें इतकें रोकडें उत्तर फारच थोड्यांस मिळतें. तरीहि देविकेच्या दृष्टीनें तें अपुरें होतें. गोळी झाडणारा सांपडला; पण त्यास पाठविणारे कोण, हें तिला जाणावयाचें होतें, आणि हें ती वर्षानुवर्षें जाहीरपणें सांगत आली. डेव्हिड हेडली या कटांतील इसमानें फेब्रुवारी २०१६ मध्यें अमेरिकेंतून दूरदृश्य यंत्रणेद्वारां मुंबईच्या न्यायालयापुढें साक्ष दिली. त्याचा साथी असल्याचा आरोप ज्याच्यावर आहे तो तहव्वुर राणा एप्रिल २०२५ मध्यें भारताच्या ताब्यांत आला. म्हणजे घटनेस सोळा वर्षें उलटून गेलीं, नऊ वर्षांची मुलगी सव्वीस वर्षांची तरुणी झाली, तेव्हां उत्तराचा आणखी एक धागा हातीं येण्याची आशा निर्माण झाली. त्या वेळींहि त्याच्याकडून सर्व माहिती काढून घ्यावी हीच तिची मागणी होती.

आतां तिसरा प्रश्न. साक्ष दिल्यानंतर भीतीपोटीं नातलगांनीं व ओळखीच्यांनीं अंतर राखलें, शाळेंत मुलें कसाबच्या नांवानें चिडवीत, राहावयास जागा मिळणें कठीण होई, असें तिनें अनेक मुलाखतींतून सांगितलें आहे. सरकारनें घराचें आश्वासन दिलें होतें. त्याच्या पूर्ततेसाठीं २०२० मध्यें तिला मुंबई उच्च न्यायालयाचें दार ठोठवावें लागलें, आणि २०२२ मध्यें पुन्हां एकदां. अशा प्रकरणाकडे संवेदनेनें पाहावें असें न्यायालयानें २०२४ मध्यें सरकारास बजावलें. तात्पर्य, राष्ट्रानें तिच्या साक्षीचें कौतुक केलें. पण जेथें ती रोज वावरत होती त्या गल्लींत, शाळेंत व नात्यागोत्यांत तिच्या पाठीशीं किती जण उभे राहिले, हा हिशेब फारसा कोणीं मांडला नाहीं.

दुसरें उदाहरण याच्या उलट आहे. ११ जुलै २००६ रोजीं सायंकाळीं मुंबईच्या पश्चिम रेल्वेच्या गाड्यांतून सात स्फोट झाले. १८० हून अधिक माणसें ठार व शेंकडों जखमी झालीं. २०१५ मध्यें विशेष न्यायालयानें बारा आरोपींस दोषी ठरविलें व त्यांपैकीं पांच जणांस फांशी सांगितली. पुढें २१ जुलै २०२५ रोजीं, घटनेनंतर एकोणीस वर्षांनीं, मुंबई उच्च न्यायालयानें पुरावा विश्वासार्ह नाहीं असें सांगून सर्व बाराहि जणांस निर्दोष सोडलें. हा निकाल अन्य खटल्यांत आधार म्हणून धरूं नये असें सर्वोच्च न्यायालयानें तीन दिवसांनीं सांगितलें. परंतु सुटलेल्यांस पुन्हां तुरुंगांत धाडलें नाहीं. त्या गाड्यांत ज्यांनीं पाय गमावले, ज्यांच्या पाठीचा कणा मोडला, ज्यांचीं माणसें परतलीं नाहींत, त्यांच्यापुढें तो जुनाच प्रश्न नव्यानें येऊन उभा राहिला: मग हें केलें तरी कोणीं? येथें न्यायालयास दोष देणें सोपें आहे. पण थोडा विचार केला पाहिजे. पुरावा कच्चा असतां कोणास तरी फांशीं दिल्यानें वांचलेल्याच्या मनाचें समाधान होतें असें नाहीं. त्याची केवळ समजूत घातली जाते. खोटें उत्तर हें उत्तर नव्हे. तपास आरंभापासून नेकीनें होणें, हा आरोपीचा जितका हक्क आहे तितकाच जखमीचाहि आहे.

दुसऱ्या प्रश्नाची, म्हणजे ‘माझा दोष होता कां’ या प्रश्नाची, कथा सर्वांत कटु आहे. तेव्हांच्या चंद्रपूर जिल्ह्यांतील देसाईगंज येथें मथुरा नांवाच्या एका अनाथ आदिवासी मुलीवर २६ मार्च १९७२ च्या रात्रीं पोलीस ठाण्यांतच अत्याचार झाला. १९७४ मध्यें सत्र न्यायालयानें दोन्ही पोलिसांस सोडलें. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें त्यांस शिक्षा दिली. आणि १९७८ च्या सप्टेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें त्यांस पुन्हां निर्दोष ठरविलें. अंगावर झटापटीच्या खुणा नाहींत, तिनें आरडाओरडा केल्याचें दिसत नाहीं, अशी त्या निकालाची विचारसरणी होती. पुढील वर्षीं उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनीं सरन्यायाधीशांस अनावृत पत्र लिहून या विचारसरणीस हरकत घेतली. देशभर स्त्रियांच्या संस्थांनीं तो प्रश्न हातीं घेतला, आणि १९८३ मध्यें कायदा बदलला. पोलीस कोठडींतील अत्याचाराच्या खटल्यांत स्त्रीनें आपली संमति नव्हती असें सांगितलें तर न्यायालयानें तसेंच गृहीत धरावें, आणि अशा स्त्रीचें नांव छापूं नये, हे नियम तेव्हां आले. ज्या मुलीच्या प्रश्नावरून हें सारें झालें तिच्या स्वतःच्या निकालांत मात्र एका अक्षराचाहि बदल झाला नाहीं. आणि पुढें नांव झांकण्याचा नियम ज्या प्रकरणामुळें आला, तें प्रकरण आजहि तिच्याच नांवानें ओळखलें जातें.

“ती ओरडली कां नाहीं?” हा प्रश्न न्यायालयापुरता नाहीं, तो घराघरांतून विचारला जातो. म्हणून येथें एक शास्त्रीय गोष्ट सांगितली पाहिजे. जिवावरचें संकट आलें असतां प्राणी एक तर पळतो किंवा लढतो, असें आपण समजतों. परंतु तिसराहि एक प्रकार आहे. दोन्ही वाटा बंद दिसल्या म्हणजे शरीर जागच्या जागीं थिजतें, कंठ फुटत नाहीं, हातपाय हलत नाहींत. हें इच्छेनें होत नाहीं. मेंदूची व मज्जातंतूंची ती आपोआप होणारी क्रिया आहे. ज्या माणसाच्या बाबतींत हें घडलें, तें पुढें वर्षानुवर्षें ‘मी हललों कां नाहीं’ म्हणून स्वतःसच बोल लावीत राहतें. अशा वेळीं घरांतील एखाद्या जाणत्या माणसानें “त्यांत तुझा दोष नव्हता; शरीर तसेंच वागतें,” एवढें स्पष्टपणें सांगितलें, तर तें एक वाक्य महिनोगणतीच्या औषधाइतकें उपयोगी पडूं शकतें. याच्या उलट “तूं त्या वेळीं तेथें गेलीसच कशाला?” हें एक वाक्य झालेल्या जखमेवर दुसरी जखम करतें, आणि ती करणारा परका नसतो.

आपल्या परंपरेंत याचें सर्वांत मोठें उदाहरण द्यूतसभेंतील द्रौपदीचें आहे. तिनें तेथें रडगाणें गाइलें नाहीं. तिनें एक प्रश्न विचारला. जो स्वतःस आधीं हरून बसला, त्यास मला पणास लावण्याचा अधिकार होता काय? भीष्मांसारखा ज्ञाता धर्माची गति सूक्ष्म आहे असें म्हणून थांबला. बाकीचे वडील मान खालीं घालून बसले. बोलला तो विकर्ण, कौरवांपैकींच एक आणि वयानें धाकटा. ती सभा आपण अन्यायाची कथा म्हणून शेंकडों वेळां ऐकली आहे; पण ती निरुत्तर वडिलांचीहि कथा आहे. द्रौपदीच्या मनांतील तो प्रश्न तेरा वर्षांच्या वनवासांत व अज्ञातवासांत शमला नाहीं, याचें कारण केवळ तिचा मानी स्वभाव नव्हे. ज्यांनीं उत्तर द्यावयाचें ते गप्प बसले होते.

एकत्र कुटुंबांतील मौनाचीं कारणें आम्ही जाणतों. मुलीचें लग्न व्हावयाचें असतें. सून नवी असते. लहान मुलें ऐकतात. चार लोकांत बभ्रा नको असतो. कित्येकदां वडिलांना स्वतःलाच तो प्रसंग आठवणें सोसत नाहीं, आणि आपलें दुखणें टाळण्यासाठीं ते दुसऱ्यास ‘विसर’ म्हणतात. परंतु विसरणें हें कोणाच्या आज्ञेनें होत नसतें. मोठ्या आघातानंतर झोंप उडणें, फटाक्याच्या आवाजानें अंग कांपणें, ठराविक रस्ता वा ठराविक वार टाळणें, एकाएकीं संताप येणें, या गोष्टी वर्षांमागून वर्षें राहूं शकतात. कधीं कधीं मध्यंतरीं शांत राहून मूल झाल्यावर, किंवा तसलीच बातमी वाचल्यावर, पुन्हां डोकें वर काढतात. १९८० पासून वैद्यकशास्त्रानें यास स्वतंत्र विकाराचें नांव दिलें आहे आणि त्यावर उपचार आहेत. ज्युडिथ हर्मन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ विदुषीनें १९९२ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत बरें होण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. आधीं सुरक्षितता, मग घडलेल्या गोष्टीचें स्मरण व तिच्याबद्दलचा शोक, आणि मग पुन्हां चार माणसांत मिसळणें. आपल्या घरांतून पहिल्या पायरीवरून एकदम तिसरीवर उडी मारण्याचा आग्रह होतो. “झालें तें झालें, आतां हसा-खेळा,” असें आपण म्हणतों. आणि मधली पायरी चुकल्यामुळें माणूस पुन्हां पुन्हां खालीं येतें.

याचा अर्थ बळेंच बोलतें करावें असा मात्र नाहीं. आघातानंतर लगेच सर्व हकीकत एकदां बोलून टाकावयास लावल्यानें मन मोकळें होतें, अशी समजूत कांहीं काळ वैद्यकांतहि होती. अनुभवाअंतीं ती टिकली नाहीं, उलट कांहींस त्यानें अपायच होतो असें आढळलें. केव्हां बोलावयाचें, किती बोलावयाचें व कोणापाशीं बोलावयाचें, हें त्या माणसानेंच ठरवावें. घरानें दार उघडें ठेवावें, एवढेंच. विचारलें तर माहीत असेल तेवढें खरें सांगावें. माहीत नसेल तर ‘माहीत नाहीं, पण शोधूं’ असें म्हणावें. जुन्या फिर्यादीची नक्कल, दवाखान्याचे कागद, वर्तमानपत्रांतील कात्रणें हीं अशुभ म्हणून जाळूं नयेत. एखाद्या पेटींत जपून ठेवावींत. पंधरा वर्षांनीं तींच कोणाच्या तरी उपयोगीं पडतात. पुरुषांच्या बाबतींत हें विशेष लक्षांत ठेवावें. कारण मुलगा वा जांवई भीति बोलून दाखविणार नाहीं, तो केवळ चिडखोर किंवा अबोल झालेला दिसेल.

आतां क्षमेचा विषय. ‘क्षमा कर, म्हणजे तुलाच शांति लाभेल,’ असा उपदेश आपल्याकडे फार सुलभतेनें केला जातो. भागवतांत अशी कथा आहे कीं द्रौपदीचे पांचहि पुत्र झोंपेंत मारणाऱ्या अश्वत्थाम्यास अर्जुनानें बांधून आणलें, तेव्हां तिनेंच त्यास सोडण्यास सांगितलें. मी रडतें आहें तशी याची माता रडूं नये, हा तिचा भाव होता. या कथेंत ध्यानांत घ्यावयाची गोष्ट ही कीं, क्षमेचा शब्द तिच्या तोंडून निघाला. अपराधी तिच्यासमोर बांधलेला होता, पांडव तिच्या पाठीशीं होते, आणि निर्णय तिचा होता. दुसऱ्यानें तिच्या वतीनें क्षमा केली असती तर ती क्षमा ठरली नसती. तो तिच्यावर आणखी एक अन्याय झाला असता.

अपराधी व पीडित यांची समोरासमोर भेट घडवून प्रश्नोत्तरें होऊं देण्याची पद्धत पाश्चात्य देशांत गेल्या पन्नास वर्षांत रुजली आहे. कॅनडांतील एल्मायरा या लहान गांवीं १९७४ मध्यें दोन तरुणांनीं बावीस ठिकाणीं नासधूस केली. त्यांस घरोघर नेऊन नुकसान झालेल्या लोकांसमोर उभें करण्यांत आलें व भरपाई करावयास लावलें. तेथून ही चाल पसरली. न्यूझीलंडनें १९८९ च्या कायद्यानें बाल-अपराध्यांच्या बाबतींत दोन्ही कुटुंबांच्या बैठकीस स्थान दिलें. आपल्याकडे मार्च २००८ मध्यें प्रियंका गांधी यांनीं वेल्लूरच्या तुरुंगांत जाऊन आपल्या पित्याच्या हत्येच्या कटांत दोषी ठरलेल्या नलिनी हिची भेट घेतली; वडिलांच्या मृत्यूशीं व हिंसेशीं मनाचा मेळ घालण्याचा हा आपला स्वतःचा मार्ग होता, असा त्यांचा खुलासा होता. त्या गोष्टीस तेव्हां सतरा वर्षें होत आलीं होतीं. उत्तर शोधण्यास काळाची मर्यादा नसते, हें त्यावरून दिसतें.

परंतु हें वाचून कोणीं गांवचे चार प्रतिष्ठित जमवून ‘समेट’ घडवूं नये. वर सांगितलेल्या भेटी पीडिताच्या इच्छेनें व त्याच्या सुरक्षिततेची काळजी घेऊन होतात. आपल्याकडील समेट बहुधा गुन्हा मिटविण्यासाठीं होतो, आणि त्यांत दुर्बळ बाजूवर दडपण येतें. बलात्काराच्या खटल्यांत तडजोड ग्राह्य नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१३ व २०१५ या दोन्ही सालीं स्पष्ट केलें आहे. ज्या भेटींत एका बाजूस ‘नाहीं’ म्हणण्याची मोकळीक नसते, तिनें मन भरून येत नाहीं. केवळ तोंड बंद होतें.

ज्यांच्या घरांत असा प्रश्न आहे त्यांच्या उपयोगासाठीं कायद्यांतील कांहीं गोष्टी येथें सांगतों. गुन्ह्याचा तपास कोठवर आला हें पोलिसांनीं नव्वद दिवसांच्या आंत फिर्यादीस किंवा पीडितास कळविलें पाहिजे, असा नियम १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंत आहे. आरोपी सुटला किंवा त्यास मूळ आरोपापेक्षां हलक्या गुन्ह्यासाठीं दोषी ठरविलें, तर वरच्या न्यायालयांत अपील करण्याचा हक्क पीडितास २००९ च्या अखेरीपासून मिळाला आहे. खटल्याच्या प्रत्येक टप्प्यावर पीडिताचें म्हणणें ऐकून घेतलें पाहिजे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२२ मध्यें सांगितलें. गुन्हेगार सांपडला नाहीं तरी नुकसानभरपाईसाठीं जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करतां येतो. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार व आम्लहल्ला यांतून वांचलेल्यांसाठीं महाराष्ट्रांत २ ऑक्टोबर २०१३ पासून ‘मनोधैर्य’ योजना आहे. तीन वर्षांहून अधिक कैदेची शिक्षा असलेल्या गुन्ह्यांस फिर्यादीच्या मुदतीचें बंधन नाहीं. म्हणजे दहा वर्षांनींहि तक्रार नोंदवितां येते, मात्र उशिरामुळें पुरावा उभा करणें कठीण जातें. जुन्या निकालाची नक्कल हवी असल्यास संबंधित न्यायालयांत अर्ज करून ती मिळवितां येते. स्त्रिया व मुलें यांस, उत्पन्न कितीहि असो, सरकारी खर्चानें वकील मिळतो. त्याची चौकशी तालुक्याच्या न्यायालयांत किंवा १५१०० या क्रमांकावर करावी.

मनाच्या दुखण्यासाठीं टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. त्यावर मराठींतून विनामूल्य बोलतां येतें. ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्यें सुरू झाली. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणें म्हणजे वेडाचा शिक्का, ही समजूत आतां सुशिक्षित घरांनीं तरी टाकून द्यावी. पाय मोडला असतां हाडवैद्याकडे जाण्यास आपण लाजत नाहीं. मनाच्या बाबतींतहि तेंच धोरण असावें.

शेवटीं एकच विनंति. न्यायालय न्यायालयाचें काम करील, लवकर वा उशिरा, पुरतें वा अर्धवट. तें आपल्या हातीं नाहीं. परंतु ‘माझा दोष होता कां’ आणि ‘माझ्या पाठीशीं कोण आहे’ या दोन प्रश्नांचीं उत्तरें द्यावयास वकील लागत नाहीं, तारीख लागत नाहीं, पुरावाहि लागत नाहीं. आपल्या घरांत, नात्यांत किंवा शेजारीं असें कोणी असेल, आणि बहुतेक मोठ्या कुटुंबांत कोणी ना कोणी असतेंच, तर तें विचारील त्या दिवशीं वडीलधाऱ्यांनीं हातचें काम बाजूस ठेवावें, त्यास जवळ बसवावें आणि तें जेवढें बोलेल तेवढें मध्यें न तोडतां ऐकावें.